कागदी तिकीट गेलं, कार्ड आलं: 'मी काढते, मी काढते'चं काय झालं?

दादरची_पाटी (धागाकर्ती) | शनिवार, रात्री ९:४०

परवा आईचं कपाट आवरताना तिची जुनी रेक्झिनची पर्स सापडली. चेन अर्ध्यात अडकलेली. आत कुंकवाची रिकामी डबी, एक केसाची पिन आणि रबरबँड लावलेली लोकलची कूपनं, अर्धी वापरलेली. रबरबँड हात लावताच तुटला, इतकी वर्षं झाली असावीत.

ज्यांनी ही कूपनं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी: मुंबईच्या स्टेशनांवर भिंतीला एक यंत्र लावलेलं असायचं. जेवढं भाडं तेवढ्या किमतीची कूपनं मोजायची, एकेक करून फटीत घालायची, खट् आवाज व्हायचा आणि कूपनावर स्टेशन, तारीख, वेळ उमटायची. खिडकीची रांग टळायची. मग एटीव्हीएम म्हणजे तिकीट देणारी यंत्रं आली, त्यांचं कार्ड आलं, मोबाइलवर तिकीट काढायचं यूटीएस ॲप आलं आणि २०१५ च्या आसपास कूपनांचा कारभार आटोपला. आईने तेव्हा उरलेली कूपनं 'कधी लागली तर' म्हणून ठेवली होती. लागली नाहीत.

पण मला विचारायचंय ते वेगळंच. आई आणि सुलूकाकू वर्षानुवर्षं एकत्र बेस्टच्या बसने फिरल्या. कंडक्टर आला की दोघींची झटापट ठरलेली. 'अहो, तिचे घेऊ नका', 'मागच्या वेळी तूच काढलंस', 'सुट्टे आहेत माझ्याकडे, थांब'. कंडक्टर पंचासारखा निर्विकार उभा. (क्रिकेटमधला पंच. दुसरा पंच त्याच्या हातातच असायचा.) यात नियम असा की जी पॅसेजच्या बाजूला बसेल ती जिंकते, कारण तिचा हात आधी पोचतो. म्हणून सुलूकाकू दर वेळी आईला आग्रहाने खिडकीची जागा द्यायची. लहानपणी मला ते प्रेम वाटायचं. प्रेमच होतं, पण डावपेचाचं.

आता आईकडे कार्ड आहे, काकूकडे कार्ड आहे. दोघी आपापलं टिक् करतात आणि बसतात. आई परवा म्हणाली, 'प्रवास अगदी परक्यासारखा झालाय ग.'

तर तुमची कुठली सवय या कार्डाने मोडली? चांगली मोडली असेल तर तेही लिहा. मी रडगाणं लावायला धागा काढलेला नाही.

---

खिडकी_क्र_४ | रात्री ९:५८

छान धागा. सवय मोडली ती रांगेची आणि त्याबद्दल मी कार्डाचा जन्मभर ऋणी आहे. आठ-छत्तीसची फास्ट आणि पुढे तीस डोकी. त्यात खिडकीपाशी एक आजोबा, 'परेलचं द्या, नको, थांबा, लोअर परेलचं'. ते दिवस कुणाला परत हवे असतील तर खुशाल घ्यावेत.

---

पंचाची_टिकली | रात्री १०:२१

धागाकर्तीने पंचाचा उल्लेख केला म्हणून राहवत नाही.

माझे बाबा बसकंडक्टर होते. तिकिटांची पत्र्याची पेटी मी इतक्या जवळून पाहिली आहे की डोळे मिटून कप्पे सांगू शकतो. प्रत्येक किमतीच्या तिकिटाचा रंग वेगळा, कागद अगदी पातळ, गठ्ठा क्लिपमध्ये अडकवलेला. तिकीट फाडताना दोन आली तर नुकसान आपलं, म्हणून बाबा अंगठ्याने गठ्ठ्याची कड आधी किंचित वाकवायचे. तिकिटावर स्टेजचे, म्हणजे भाड्याच्या टप्प्यांचे, आकडे छापलेले. प्रवासी जिथे चढला तिथे भोक.

लोकांना वाटायचं कंडक्टरचं काम तिकीट फाडणं. खरं काम हिशोबाचं. ड्युटी सुरू होताना प्रत्येक गठ्ठ्याचा वरचा नंबर वेबिलावर, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदावर, लिहायचा. फेरी संपली की पुन्हा नंबर. वजाबाकी म्हणजे विकलेली तिकिटं, गुणिले किंमत म्हणजे पिशवीत असायला हवी ती रोकड. हे सगळं चालत्या बसमध्ये, एका हाताने दांडी धरून, तोंडाने 'पुढे चला, पुढे जागा आहे' म्हणत. रात्री डेपोत कॅश भरून घरी यायचे तेव्हा बोटांची टोकं काळी झालेली असायची. नाण्यांनी आणि नोटांनी. जेवायच्या आधी साबणाने दोनदा हात धुवायचे आणि पाणी तरीही करडं.

आणि टिकल्या! पंचातून पडलेल्या कागदाच्या बारीक गोल टिकल्या बाबांच्या खाकी खिशात, मोज्यांत, कधी कधी कानामागेसुद्धा. आई कपडे धुवायच्या आधी खिसे उलटे करायची तेव्हा मोरीत रंगांचा सडा पडायचा. मी आणि ताईने त्या टिकल्या हॉर्लिक्सच्या बाटलीत साठवल्या होत्या. गणपतीच्या मिरवणुकीत एकदाच उधळल्या. बाबा बघून हसले नाहीत. म्हणाले, 'प्रत्येक टिकली म्हणजे एक माणूस कुठून तरी निघालेला.'

नोकरीच्या शेवटी शेवटी त्यांच्या हातात मशीन आलं. बटण दाबलं की तिकीट बाहेर, बेरीज आपोआप. काम हलकं झालं हे ते कबूल करायचे. पण घरी येऊन एकदा म्हणाले, 'आता हिशोब मशीन करतं, मी फक्त त्याला फिरवून आणतो.'

---

शिवडीची_सून | रात्री १०:३०

पंचाची_टिकली, शेवटचं वाक्य वाचून गप्प झाले.

---

जुनं_ते_कागद | रात्री १०:५२

सगळे कागदी तिकिटाला सनातन समजून हळवे होताहेत म्हणून थोडा इतिहास.

मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ ला सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे आणि तिकीट? नव्हतंच. पैसे द्या, बसा. पुढे भाडं दोन आण्यांवर आलं, गर्दी वाढली, फुकटे वाढले आणि त्याच वर्षी तिकिटं सुरू करावी लागली. म्हणजे कागदी तिकीट ही मुळात अविश्वासाची व्यवस्था. कार्ड हे तिचंच पुढचं पिल्लू.

रेल्वेच्या त्या जाड पुठ्ठ्याच्या तिकिटाचीही तीच गोष्ट. थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तराने १८३० च्या दशकाच्या शेवटी ती पद्धत काढली, कारण हाताने लिहिलेल्या पावत्यांत वेळ जायचा आणि वसुली करणाऱ्याच्या खिशात किती गेलं ते कळायचं नाही. अनुक्रमांक छापला, मापं ठरवली (सुमारे ५७ बाय ३० मिलिमीटर), तारखेचा ठसा मारायचं यंत्र केलं. दीडशे वर्षं ते तिकीट जगभर चाललं. आपल्याकडे भायखळ्याच्या रेल्वे छापखान्यात अशी तिकिटं छापली जायची.

वरच्या प्रतिसादातलं वेबिल आणि वजाबाकी म्हणजे एडमंडसनचीच युक्ती. नंबर मोजा, माणसावर विश्वास ठेवायची गरज नाही.

---

दादरची_पाटी | रात्री ११:०५

@जुनं_ते_कागद: हे माहीत नव्हतं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी कुलाब्याला म्हणालं असेल, 'आता कागद आला, प्रवास अगदी परक्यासारखा झाला'.

---

कर्वेनगरचा_कट्टा | रविवार, सकाळी ७:१५

पुण्यात कार्ड यायच्या कितीतरी आधीपासून कंडक्टर न बोलता, न बघता तिकीट देत आले आहेत. संपर्कविरहित व्यवहार आम्हाला नवीन नाही.

---

खिडकी_क्र_४ | सकाळी ७:४०

😂 +१

---

चिपखाली_अंधार | सकाळी ९:१०

मी याच क्षेत्रात काम करतो. कुठे ते विचारू नका. वडीलधाऱ्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ कशाने होतो ते सांगतो, कारण त्यापायी घराघरांत भांडणं झालेली पाहिली आहेत.

'एक देश एक कार्ड' म्हणतात ते एनसीएमसी (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड) ४ मार्च २०१९ ला आलं. मेट्रो, बस, पार्किंग, सगळीकडे चालावं हा हेतू. त्या कार्डात पैसे दोन ठिकाणी असू शकतात. एक, बँकेच्या सर्व्हरवर. दोन, कार्डाच्या चिपमध्ये. तुम्ही घरी बसून मोबाइलवरून पाचशे रुपये भरता तेव्हा ते सर्व्हरवर येऊन थांबतात. चिपमध्ये उतरत नाहीत. स्टेशनवरच्या यंत्रावर किंवा खिडकीवर कार्ड एकदा लावून ते चिपमध्ये ओतून घ्यावे लागतात. मगच फाटक उघडतं.

असं का केलं? कारण फाटकाने अर्ध्या सेकंदाच्या आत हो की नाही ठरवायचं असतं. भुयारात नेटवर्क नाही, मागे दोनशे माणसं. बँकेला विचारत बसायला वेळ नाही. म्हणून फाटक फक्त चिप वाचतं आणि चिपमधून पैसे कापतं. चिपमध्ये जास्तीत जास्त दोन हजार ठेवता येतात, कारण ते पैसे रोकडीसारखे असतात. पिन नाही, ओटीपी नाही. कार्ड हरवलं तर चिपमधली रक्कम हरवली म्हणायची, पाकीट हरवल्यासारखी.

हे कुणी नीट समजावून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या सासऱ्यांना मी सांगितलं नव्हतं. मीच! त्यांनी तीनशे भरले, फाटक उघडेना, पुन्हा तीनशे भरले. तिसऱ्यांदा भरायच्या आधी मला फोन केला. मी समजावलं तेव्हा शांतपणे म्हणाले, 'म्हणजे मनिऑर्डर आली आहे, पण पोस्टमनने अजून घरी आणून दिली नाही.'

त्यानंतर मी लोकांना हेच वाक्य सांगतो.

---

शिवडीची_सून | सकाळी ९:२६

मनिऑर्डर! प्रिंट काढून सासूबाईंच्या फ्रिजवर लावते.

---

दहाचं_नाणं | सकाळी १०:०३

सगळ्यांचे अनुभव मस्त, पण एक बाजू कुणी लिहिली नाही.

आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशी रोज दोन बस बदलून येतात. त्यांना कार्ड घ्या म्हटलं तर म्हणाल्या, 'कार्डात शंभर अडकवून ठेवायचे आणि रोज दहा-दहा वापरायचे, त्यापेक्षा ते शंभर आज घरात नकोत का?' मला उत्तर सुचलं नाही. मी कार्डात पाचशे टाकतो आणि विसरतो. हे विसरणं परवडणं हीच मोठी चैन आहे.

कागदी तिकीट उधारीचं नव्हतं आणि आगाऊही नव्हतं. चढा, तेवढेच द्या. २०१९ च्या जुलैत बेस्टने पाच किलोमीटरपर्यंत पाच रुपये भाडं केलं तेव्हा मावशी शब्दशः नाचल्या होत्या. २०२५ च्या मे महिन्यात ते दहा झालं. त्यांच्यासाठी कार्ड की कागद हा प्रश्नच दुय्यम, पाचाचे दहा झाले हा प्रश्न.

बाय द वे, पाच रुपये भाडं झालं तेव्हा बेस्टकडे नाण्यांचे इतके ढीग जमले की दुकानदारांनी-लोकांनी येऊन सुट्टे न्यावेत म्हणून आवाहन करायची वेळ आली होती. वर्षानुवर्षं 'सुट्टे द्या' म्हणून ऐकलेल्या मुंबईकराला हा काव्यगत न्याय वाटला असेल.

---

जुनं_ते_कागद | सकाळी १०:२०

@दहाचं_नाणं, मुद्दा मान्य. तरी एक भर: २०२४ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने फक्त प्रवासासाठीची प्रीपेड कार्डं केवायसी न करताही द्यायला परवानगी दिली, जास्तीत जास्त तीन हजार शिल्लक. म्हणजे कागदपत्रांची अडचण तरी कमी झाली. आगाऊ पैशांची नाही.

---

दहाचं_नाणं | सकाळी १०:३१

बरोबर. कागदपत्रं मावशींकडे आमच्यापेक्षा जास्त व्यवस्थित आहेत, प्लास्टिकच्या पिशवीत. शंभर रुपयेच नाहीत.

---

उलटी_नोट | सकाळी ११:१२

सुट्ट्यांवरून आठवलं. कंडक्टरकडे सुट्टे नसले की तो तिकिटाच्या मागे पेनने बाकी लिहून द्यायचा. 'उतरताना घ्या.' ते तिकीट मुठीत धरून अर्धा प्रवास त्या आकड्याच्या चिंतेत. आपला स्टॉप आला की कंडक्टर बरोबर दुसऱ्या टोकाला.

त्याहून भारी म्हणजे दोन अनोळखी माणसांना मिळून एक नोट. 'हे घ्या पन्नास, यांचे वीस, तुमचे तीस, खाली उतरून करा वाटणी.' दोघं एकमेकांकडे संशयाने बघत एकाच स्टॉपवर उतरणार, मग पानाच्या टपरीवर सुट्टे मागायला जाणार, टपरीवाला काही घेतल्याशिवाय देणार नाही. माझ्या काकांची आणि त्यांच्या एका अगदी जवळच्या मित्राची ओळख अशी झाली. वीस रुपयांची वाटणी करायला दोघांनी एक-एक चहा घेतला आणि हिशोबाला पुन्हा विषम आकडा उरला. म्हणाले, उद्या बघू. चाळीस वर्षं उद्या बघू चाललं.

कार्डात असं काही होत नाही. कार्डाला बाकी नसते.

---

खिडकी_क्र_४ | सकाळी ११:१९

चाळीस वर्षांपूर्वी बसला पन्नासची नोट?

---

उलटी_नोट | सकाळी ११:२४

धरलंत. आकडे माझे आहेत, काका दोन रुपये म्हणतात. चहा खरा.

---

टेम्सकाठची_मालवणी | दुपारी १:४०

लंडनहून. इथे हा खेळ आपल्या बराच आधी झाला. ऑयस्टर कार्ड २००३ मध्ये आलं आणि ६ जुलै २०१४ पासून लंडनच्या बसमध्ये रोकड घेणंच बंद झालं. ड्रायव्हरला नाणं दाखवलंत तर तो तुमच्याकडे दयेने बघतो. आता तर ऑयस्टरही मागे पडतंय, लोक सरळ बँकेचं कार्ड किंवा फोन लावतात.

इथली जमेची बाजू म्हणजे दिवसाची आणि आठवड्याची कमाल मर्यादा. कितीही फिरा, ठरलेल्या रकमेपुढे कापले जात नाहीत. पास काढायचा की सुटं तिकीट हे डोकं चालवावं लागत नाही, यंत्र स्वस्तातलं धरतं. ही गोष्ट कागदाला कधीच जमली नसती, हे मान्य करायला हवं.

पण माझा गाढवपणा ऐका. सुरुवातीला मी स्टेशनात शिरताना फोन लावला आणि बाहेर पडताना पर्समधलं कार्ड. कार्ड तेच, बँक तीच, खातं तेच, मग काय फरक पडतो? पडतो. फोनमधल्या कार्डाचा नंबर यंत्राच्या दृष्टीने वेगळा. त्याच्या लेखी एक बाई आत शिरली ती बाहेर पडलीच नाही आणि दुसरी आत न शिरताच बाहेर आली. दोघींना जास्तीत जास्त भाडं. चूक सर्वस्वी माझी, पाटीवर लिहिलेलं होतं. नवरा अजून विचारतो, 'ती दुसरी अजून आतच आहे का?'

---

नाना_वडगावकर | दुपारी २:१५

विषय शहरातला आहे, तरी एसटीचं लिहितो, चालवून घ्या.

७५ वर्षांवरच्यांना एसटी फुकट झाली, २६ ऑगस्ट २०२२ पासून. मी त्यात बसतो. आधार दाखवलं की कंडक्टर तिकीट देतो, त्यावर रक्कम शून्य. मी ती सगळी तिकिटं जपून ठेवतो. नातू विचारतो, आजोबा शून्य रुपयाचं तिकीट कशाला ठेवता? त्याला म्हटलं, आयुष्यभर पैसे देऊन जी तिकिटं काढली ती सगळी फेकली. ही फुकटची आहेत, ही ठेवतो.

पण थर्मल कागद आहे. वर्षभरात कोरा होतो. शून्यसुद्धा राहत नाही.

---

पंचाची_टिकली | दुपारी २:३०

नाना 🙏 फोटो काढून ठेवा त्यांचे.

---

नाना_वडगावकर | दुपारी २:५२

नातवाने काढलेत. आता ते त्याच्या फोनमध्ये आहेत आणि मला दिसत नाहीत.

---

ऑडिटवाली | दुपारी ३:३०

कार्ड आल्याने लेखा विभागाची एक जात नामशेष झाली: प्रवासभत्त्याच्या बिलाला टाचणीने जोडलेली तिकिटं. आमचे एक साहेब तिकिटं उलटी करून तारखा तपासायचे. पावसाळ्यात भिजून चिकटलेली तिकिटं सोलायचं काम माझ्याकडे होतं, नवीन होते ना. आता सगळे स्क्रीनशॉट जोडतात. सोलावं लागत नाही. पण खरं सांगते, पूर्वी बिल हातात घेतलं की माणूस कुठे कुठे उन्हातान्हात फिरला ते जाणवायचं. आता फक्त रकाना भरलेला दिसतो.

---

अडाणी_आडनाव | दुपारी ४:०५

सगळं ठीक, पण कार्ड म्हणजे मी कधी कुठे गेलो याची नोंद. कागदी तिकीट कुणाचंही नसायचं. कूपनावर स्टेशन आणि वेळ उमटायची, नाव नाही. माझा प्रवास माझ्या बायकोला माहीत नसेल तर बँकेला कशाला?

---

शिवडीची_सून | दुपारी ४:११

बायकोला माहीत नसेल असा कुठला प्रवास म्हणे? 🙂

---

अडाणी_आडनाव | दुपारी ४:१३

उदाहरण दिलं हो.

---

चिपखाली_अंधार | दुपारी ४:४०

विनोद बाजूला, मुद्दा बरोबर आहे. नोंद राहते. पण त्याच नोंदीवरून कुठल्या मार्गावर किती वाजता किती माणसं चढतात-उतरतात हे पहिल्यांदाच नीट कळू लागलं. कागदी तिकीट फक्त चढल्याचं सांगायचं. उतरलेला माणूस हिशोबातून गायब. एप्रिल २०२२ मध्ये बेस्टने गेटवे ते चर्चगेट मार्गावर 'टॅप इन, टॅप आउट' बस सुरू केली, पुढच्या दारातून कार्ड लावून चढा, मागच्या दारातून लावून उतरा. त्यात दोन्ही टोकं कळतात. बस कुठे वाढवायची ते ठरवायला यापेक्षा चांगलं साधन नाही. वाढवायची इच्छा हवी, तो वेगळा धागा.

लोकलला हे का जमत नाही असं नेहमी विचारतात. कारण लोकलची स्टेशनं उघडी आहेत. दहा पूल, चार जिने, एक भिंतीतलं भगदाड. मेट्रो बांधतानाच फाटकं धरून बांधली, लोकल दीडशेहून जास्त वर्षांची. दादरला संध्याकाळी सहाला फाटक बसवायची कल्पना करा. नको, करू नका.

एकच कार्ड सगळीकडे ही कल्पनाही नवी नाही. २००० नंतरच्या दशकात 'गो मुंबई' नावाचं कार्ड बस आणि लोकल दोन्हीसाठी काढलं होतं. काही वर्षांत गुंडाळलं. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' ॲप आलंय, ११ वाहतूक सेवा एकत्र. म्हणजे कार्डाचं युग नीट यायच्या आत फोनचं आलं.

---

संपादक_मंडळ | संध्याकाळी ५:००

लोकलच्या गर्दीला जबाबदार कोण यावरचे सात प्रतिसाद उडवले आहेत. तो धागा आधीपासून आहे, त्याची एकशे चौदा पानं झाली आहेत, तिकडे जा.

---

स्पर्शरेषा | संध्याकाळी ५:४५

मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतेय. माझ्यासाठी कागद आणि कार्ड यांतला फरक वेगळा.

पातळ कागदी तिकीट माझ्या दृष्टीने कागदाचा कपटा. कुठलं, कितीचं, काही कळायचं नाही. दुसऱ्याच्या भरवशावर. पण पुठ्ठ्याचं रेल्वे तिकीट हाताला कळायचं. कड टणक, कोपरे टोकदार, आणि ठसा मारल्यावर एका टोकाला किंचित खोलगट. मेट्रो वन २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा प्लास्टिकची गोल टोकन होती. तीही मस्त. मग ती जाऊन क्यूआरचे कागद आले, म्हणजे पुन्हा कपटा आणि वर तो कपटा बरोबर बाजूने काचेवर धरायचा. नेमकी कुठली बाजू, ते तुम्ही सांगा!

कार्ड त्या मानाने सोपं. कुठल्याही बाजूने लावा. एक बीप म्हणजे गेलं. फक्त किती उरले ते कार्ड सांगत नाही, ते पडद्यावर उमटतं. म्हणून मी मागच्या माणसाला विचारते, 'किती दिसतंय?' आणि लोक सांगतात. एकदा एका मुलाने सांगितलं, 'ताई, बेचाळीस. माझे सात उरलेत, तुम्ही श्रीमंत आहात.'

---

उलटी_नोट | संध्याकाळी ६:०२

@स्पर्शरेषा, प्रतिसाद फार आवडला. मी कार्डाला बाकी नसते म्हणालो होतो, मागे घेतो.

---

दादरची_पाटी | रात्री ९:१५

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आईला सगळे वाचून दाखवले. पंचाच्या टिकल्यांपाशी तिने 'थांब' म्हणून चष्मा पुसला. मनिऑर्डर तिला लगेच समजली, मला समजावून सांगायला गेले तर म्हणाली 'हो ग, कळलं'.

आता मी काल लिहिलं नव्हतं ते लिहिते. दोन आठवड्यांपूर्वी आई आणि सुलूकाकू पहिल्यांदा मेट्रोने गेल्या. मी सोबत होते. आईने कार्ड लावलं, फाटक उघडलं, पण ती आत गेलीच नाही. बाजूला सरकून काकूला म्हणाली, 'जा तू.' काकू गेली. फाटक मिटलं. मग आईने स्वतःसाठी तेच कार्ड पुन्हा लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल दिवा. यंत्राच्या हिशोबाने ते कार्ड आत गेलेलं होतं. काकू पलीकडून ओरडतेय, 'तरी तुला सांगत होते, मी काढते!' मागे रांग. आई फाटकाला समजावतेय, 'अहो, ती वेगळी, मी वेगळी.'

शेवटी ड्युटीवरच्या मुलीने हसत हसत सोडवलं आणि एका माणसाला एक कार्ड, आत जाताना जे लावाल तेच बाहेर येताना, हे दोघींना दोनदा सांगितलं. दोघींनी शाळेतल्यासारख्या माना डोलावल्या.

आज धागा वाचून झाल्यावर आईने पर्स उघडली, नवीन वाली. आत दोन कार्डं. एकावर मागे पांढरी चिकटपट्टी आणि बॉलपेनने लिहिलंय 'सुलू'. हे कधी घेतलंस म्हटलं तर म्हणाली मागच्या सोमवारी, खिडकीवर जाऊन, आणि भरलेले पैसे तिथेच यंत्रावर ओतूनही घेतले.

मी काकूला फोन लावला. म्हटलं काकू, आईने तुमच्या नावाचं कार्ड केलंय, आता काय करणार? पलीकडे जरा वेळ काही आवाज नाही. मग पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला.

'तिला सांगू नकोस,' काकू म्हणाली, 'पण माझ्याकडे तिचं आहे.'